एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ असं आलं, म्हणजे सायकल सोडायची का?

रविवारी पहाटे पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्याकडे निघणाऱ्या सायकलस्वारांमध्ये चाळिशी-पन्नाशीतले अनेक जण दिसतात. सुरुवात वजन कमी करण्यासाठी होते, मग गोडी लागते. पुढे २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे साडेतेरा तासांत पूर्ण करायच्या लांब फेरीची तयारी सुरू होते. आणि एक दिवस कंबर धरते.

कुणीतरी म्हणतं, ‘एकदा एमआरआय काढून टाका.’ अहवालात ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’, ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ असे शब्द येतात. घरात त्याचा अर्थ ‘मणक्यात गॅप’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ असा लावला जातो आणि सायकल विकण्याची चर्चा सुरू होते. पण हा अहवाल खरोखर इतकं सांगतो का?

एमआरआयमध्ये काय दिसतं?

कमरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये डिस्क, म्हणजे गादी असते. तिच्या बाहेर चिवट कडं आणि आत पाणीदार, मऊ गर असतो. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, गादी दिसत नाही. एमआरआयमध्ये गादी, मज्जातंतू आणि स्नायूही दिसतात.

वय वाढतं तसं गादीतलं पाणी कमी होतं. ती स्कॅनवर काळसर दिसते, तिची उंची घटते, कडा थोडी बाहेर फुगते. हे फुगणं म्हणजे बल्ज. गर एका जागी कडं ढकलून बाहेर आला, तर त्याला प्रोट्रुजन म्हणतात. कडं फाटून गर बाहेर आला, तर ते एक्स्ट्रुजन.

हे सगळं चित्रात दिसतं. वेदना मात्र दिसत नाही.

कंबर न दुखणाऱ्यांच्या स्कॅनमध्ये काय आढळतं?

ज्यांची कंबर दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या स्कॅनची माहिती ३३ अभ्यासांमधून एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्येही होती. चाळिशीत हे प्रमाण ६८ टक्के आणि पन्नाशीत ८० टक्के होतं. फुगलेली गादी चाळिशीत निम्म्या लोकांमध्ये, तर पन्नाशीत ६० टक्के लोकांमध्ये आढळली. या कुणालाच कंबरदुखीची तक्रार नव्हती.

म्हणजे पन्नाशीतल्या सायकलस्वाराच्या अहवालात ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ लिहून येणं हे केस पिकण्यासारखं आहे. दुखणं आणि बल्ज दोन्ही एकाच वेळी असू शकतात, पण एकामुळे दुसरं होतंय असं त्यावरून सिद्ध होत नाही.

शिवाय अहवाल वाचणाऱ्यागणिक निष्कर्षही बदलतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, कंबर आणि पाय दुखणाऱ्या ६३ वर्षांच्या महिलेचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांवर काढला गेला. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळे निष्कर्ष नोंदवले गेले. त्यांतला एकही दहाही अहवालांत नव्हता.

मग स्कॅन कधी हवाच?

एमआरआय निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. डॉक्टरांनी तपासून मनात ठेवलेल्या ठरावीक प्रश्नाचं उत्तर शोधायला तो उत्तम आहे. पुढील लक्षणं असतील तर मात्र वाट पाहू नये:

• लघवी अडणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, किंवा सीटला टेकणाऱ्या भागात बधिरपणा येणं. ही तातडीची स्थिती आहे, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.
• पायातली ताकद कमी होत जाणं, पाऊल उचलताना लटकणं.
• ताप, रात्रीचा घाम, विनाकारण वजन घटणं. भारतात मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो, त्यामुळे या लक्षणांना विशेष महत्त्व आहे.
• पूर्वी झालेला कर्करोग, सायकलवरून जोरात पडणं, हाडं ठिसूळ असणं किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणं.

कंबरेतून गुडघ्याखाली कळ जाते, मुंग्या येतात आणि काही आठवडे उपचार करूनही फरक पडत नाही, अशा वेळीही स्कॅन उपयोगी ठरतो. विशेषतः इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा. पण यांतलं काहीच नसेल, तर पहिल्या सहा आठवड्यांत स्कॅन काढू नये असंच बहुतेक वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. कारण याच काळात बहुतेकांचं दुखणं बरंच कमी होतं.

बाहेर आलेली गादी कायम तशीच राहते, हाही गैरसमज आहे. बाहेर आलेला गर अनेकदा शरीर स्वतःच शोषून घेतं. गंमत म्हणजे साध्या बल्जपेक्षा कडं फाटून बाहेर पडलेल्या गराच्या बाबतीत हे जास्त वेळा घडतं.

सायकलवर कंबर का दुखते?

अनेकदा उत्तर मणक्यात कमी आणि सायकलच्या मापात जास्त असतं. तासन्‌तास वाकून बसल्यावर कंबरेचे स्नायू थकतात. त्यात माप चुकीचं असेल तर भर पडते.

सीट जास्त उंच असेल तर पेडलपर्यंत पाय पोचवण्यासाठी कंबर दर फेरीला डावी-उजवीकडे झुलते. पेडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहायला हवा. हँडल फार लांब किंवा फार खाली असेल तर पाठ ताणली जाते. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर कंबर मागे गोल होते, ते किंचित खाली केल्याने अनेकांना आराम पडतो. चढावर जड गिअर रेटत राहणं आणि आठवड्याचं अंतर एकदम दुप्पट करणं, ही आणखी दोन कारणं.

सायकल बंद ठेवायची का?

धोक्याची लक्षणं नसतील, तर अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा जमेल तेवढी हालचाल चालू ठेवणं हितकारक असतं. दुखणं तीव्र असताना काही दिवस चालावं. मग सपाट रस्त्यावर हलक्या गिअरमध्ये, हँडल थोडं वर घेऊन वीस मिनिटांपासून सुरुवात करावी. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं नाही, तर हळूहळू वेळ वाढवावा. सोबत फिजिओथेरपिस्टकडून कंबर, पोट आणि नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत.

काहींना तर चालण्यापेक्षा सायकल सोपी जाते. कण्यातली नलिका अरुंद झालेल्यांचे पाय चालताना भरून येतात, पण पुढे वाकल्यावर नलिकेत थोडी जागा होते आणि ते विनात्रास पेडल मारू शकतात. उलट ताज्या डिस्कच्या दुखण्यात वाकून बसल्याने त्रास वाढू शकतो. म्हणजे दोघांच्या अहवालात ‘बल्ज’ हा एकच शब्द असला, तरी दोघांना मिळायचा सल्ला वेगळा असतो.

त्यामुळे अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: यात दिसतंय ते माझ्या वयाला साजेसं आहे का? आणि माझं दुखणं जिथे आहे, त्याच्याशी ते जुळतं का? सायकलचं काय करायचं, हे या उत्तरांनंतर ठरवावं.