ताणाचें संप्रेरक व पेशींतील कारकून

सांधेदुखी, दमा, तसेंच गुरांचे कांहीं आजार यांवर हल्लीं ‘स्टेरॉईड’ औषधें पुष्कळ वापरलीं जातात. त्यांचा गुण लवकर येतो. अपाय मात्र मागाहून कळतो. असें कां होतें, हें वाचकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

माणूस आजारी पडला किंवा पावसानें ओढ दिल्यामुळें चिंतेंत सांपडला, कीं मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन लहान ग्रंथी कॉर्टिसोल नांवाचें संप्रेरक रक्तांत अधिक सोडूं लागतात. परंतु तें नुसतें रक्तांत फिरल्यानें कांहींच घडत नाहीं. आमची नोकरी महसुली कचेरींत झाली. तेव्हां तेथीलच दाखला देतों. हुकूम गांवीं पोंचला, तरी तो हातीं घेऊन दप्तर उघडणारा कारकून नसेल तर काम अडतें. पेशींतील असा कारकून म्हणजे ‘ग्राही’ नांवाचें प्रथिन. एरव्हीं तो पेशीकेंद्राबाहेर स्वस्थ असतो. कॉर्टिसोल त्यास चिकटतांच तो केंद्रांत शिरतो आणि तेथील जनुकांपैकीं कांहीं चालू, कांहीं बंद करतो. त्यायोगें यकृत अधिक साखर तयार करतें, स्नायूंतील प्रथिनें मोडतात व सूज आवरते. मानवी ग्राहीची रचना १९८५ सालीं अमेरिकेंतील रोनाल्ड एव्हन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उलगडली.

प्रेडनिसोलोन व डेक्सामेथासोन हीं औषधें याच कारकुनास अधिक जोराचा हुकूम देतात. २०२० सालीं ब्रिटनमध्यें झालेल्या चाचणींत, यंत्राच्या साह्यानें श्वास घेणाऱ्या करोनाच्या रोग्यांतील मृत्यू डेक्सामेथासोनमुळें सुमारें एकतृतीयांशानें कमी झाले. ज्यांस प्राणवायूची गरज नव्हती, त्यांस मात्र लाभ दिसला नाहीं. उलटपक्षीं, कॉर्टिसोल अति होणाऱ्या कुशिंगच्या रोगांत कारकुनास अडवून धरावें लागतें. त्या रोगांत वाढणाऱ्या साखरेसाठीं मिफेप्रिस्टोन हें अडविणारें औषध अमेरिकेंत २०१२ सालीं मंजूर झालें.

अडचण ही, कीं कारकून एक आणि दप्तरें अनेक. सूज उतरविण्यास हुकूम द्यावा, तर साखर, हाडें व स्नायू यांच्या नोंदीहि फिरतात. फक्त सुजेचेंच दप्तर उघडील अशा औषधाचा शोध अद्याप चालू आहे.

याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला. गुडघेदुखीवर बाजारांतून आणलेल्या बिननांवाच्या पुड्या आम्ही दोन महिने घेत होतों. दुखणें चार दिवसांत पळालें; पुढें चेहरा सुजला व रक्तांतील साखर वाढली. पुड्यांत स्टेरॉईड असावें, असें डॉक्टरांनीं सांगितलें. तरी औषध एकदम तोडलें नाहीं; मोजकी मात्रा देऊन ती हळूहळू उतरविली. कारण बाहेरून हुकूम येत राहिले म्हणजे ग्रंथी आपलें काम सोडतात, व अकस्मात् औषध बंद केल्यास जीवावर बेततें.

गोठ्यांतहि हेंच ध्यानांत ठेवावें. गाभण गाईस शेवटच्या महिन्यांत डेक्सामेथासोन टोंचल्यास ती गाभडूं शकते किंवा मुदतीपूर्वीं विते. म्हणून सुई देण्यापूर्वीं गाय किती महिन्यांची गाभण आहे, हें पशुवैद्यास आठवणीनें सांगावें. आणि स्वतःसाठीं असो वा गुरांसाठीं, औषधाचें नांव विचारल्यावांचून तें घेऊं नये, इतकीच आमची विनंति आहे.