काटकसरी उत्पादन व्यवस्था

कमीत कमी साठा, श्रम, जागा व वेळ खर्चून मागणीइतक्याच निर्दोष वस्तू निर्माण करण्याच्या दृष्टीने केलेली कारखान्याची रचना. हिला ‘लीन उत्पादन’ असेही म्हणतात. हे नाव जॉन क्रॅफ्‌सिक यांनी १९८८ मध्ये वापरात आणले. व्यवस्थेचा उगम मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा मोटार कारखान्यात झाला व तिला आकार देण्यात ओनो ताइइची (१९१२–९०) यांचा वाटा मोठा होता. अशा व्यवस्थेच्या अभिकल्पासाठी तीन आराखडे विशेष प्रचलित आहेत. आरंभ कोठून करावयाचा, यात त्यांचा मुख्य भेद आहे.

टोयोटाचा आराखडा तत्त्वांपासून आरंभ करतो : पुढील टप्प्याने मागितल्याखेरीज मागील टप्प्याने माल करू नये, आणि दोष दिसताच यंत्र थांबावे. यांतील दुसरे तत्त्व मूळचे सूत तुटताच थांबणाऱ्या तोयोदा साकिची यांच्या मागावरचे, म्हणजे कापसाच्याच धंद्यातले आहे. माइक रॉदर व जॉन शूक यांनी १९९८ मध्ये मांडलेले मूल्यप्रवाह आलेखन चालू स्थितीपासून निघते. मालाचा सर्व प्रवास व प्रत्येक ठिकाणची खोळंबा-वेळ एका कागदावर काढून सुधारित स्थितीचा दुसरा आलेख केला जातो. तिसरा आराखडा नाम सुह यांच्या अभिकल्प-सूत्रांवर आधारलेला असून मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत डेव्हिड कॉक्रन व सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास विकसित केला. त्यात प्रथम उद्दिष्ट ठरवून मग त्याचे साधन निवडतात व एका साधनामुळे दुसरे उद्दिष्ट बिघडते काय, हे तपासतात.

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या कापूसपट्ट्यातील सरकी काढण्याच्या व गाठी बांधण्याच्या कारखान्यांच्या संदर्भात हा भेद स्पष्ट होतो. कापूस वेचणीच्या काही महिन्यांतच येतो, सूतगिरणीला रुई वर्षभर लागते. दाराशी आलेली शेतकऱ्याची गाडी ‘मागणी नाही’ म्हणून परतविता येत नाही. टोयोटाच्या हिशेबात आवारातील गंजी अपव्यय ठरते. पण ती गलथानपणाची नसून पीकचक्राची खूण आहे. आलेखनाने गंजी दिसते, तिचे कार्य कळत नाही. ‘वाण व प्रत वेगळी राखणे, ओल व कचरा टाळणे’ ही उद्दिष्टे आधी मांडली, तर खरा अपव्यय वारंवार उचल-ठेव करण्यात, प्रती मिसळण्यात व पायांबरोबर येणाऱ्या मातीत सापडतो. केंद्र शासनाने २००० मध्ये सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाच्या चौथ्या उपअभियानात कारखान्यांच्या आधुनिकीकरणाचा भर रुईतील कचरा कमी करण्यावर व यांत्रिक वाहतुकीवर होता, तो याच दिशेचा.

तथापि तिसरा आराखडा वेळखाऊ आहे व त्याला प्रशिक्षित अभियंता लागतो. आलेख छोट्या कारखान्याचा मालकही पेन्सिलीने काढू शकतो. दोष दिसताच थांबण्याचे तत्त्व तर रेच्यांना सरळ लागू पडते. दुहेरी रोलर रेच्यात सुरीची जुळणी बिघडली की सरकी फुटते व तिचे तुकडे रुईत जातात. कामगाराने तेवढाच रेचा थांबवावयाचा असतो, शेजारचे चालू राहू शकतात.