जोर वाढला, आता सोसणार कोण?

अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात बुलहेड सिटीजवळून निघणारा राज्य महामार्ग ६८ ओसाड वाळवंटातून सुमारे १८ किलोमीटर चढत जातो. जवळच्या धरणावरून या घाटाला ‘डेव्हिस डॅम ग्रेड’ म्हणतात. पिकअपने किती वजन ओढावं हे ठरवणाऱ्या ‘एसएई जे२८०७’ या मानकातली चढाची कसोटी याच घाटावर बेतलेली आहे. पायथ्याशी ३८ अंश तापमान, मागे भरलेला ट्रेलर आणि एसी पूर्ण जोरात. चढभर वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. मागच्या आसाला चार चाकं असतील तर ५६. शिवाय इंजिन तापून गाडी थांबली, तर नापास.

रॅम ३५००, फोर्ड सुपर ड्यूटी, शेवरोले सिल्व्हराडो एचडी या अवजड पिकअप अशाच कामासाठी बनतात. घोड्यांचे ट्रेलर, चाऱ्याच्या गंजी, जेसीबीसारखी यंत्रं, सुट्टीतली फिरती घरं, सगळं त्यांच्या मागे जोडलं जातं. १९८९ सालच्या डॉज पिकअपमधलं (आजच्या रॅमची ही पूर्वज) ५.९ लिटरचं कमिन्स इंजिन ५४२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, द्यायचं. २०२३ मधल्या फोर्डच्या ६.७ लिटर ‘पॉवर स्ट्रोक’चा वरचा प्रकार १६२७ देतो. इंजिन आकाराने जेमतेम सातव्या हिश्शाने वाढलं आणि जोर झाला तिप्पट. जाहिराती या आकड्यावर चालतात. पण जोर वाढवायला जास्त हवा कोंबून जास्त डिझेल जाळलं की झालं. तो जोर सोसायचा कोणी, हा प्रश्न मात्र दर खेपेला इंजिनाच्या नव्याच भागापुढे येऊन उभा राहिला. या इंजिनांच्या रचनेत झालेले बहुतेक बदल त्याच प्रश्नाची उत्तरं आहेत.

मुळात ते कमिन्स इंजिन मोटारीचं नव्हतंच. ‘बी सीरिज’ हे घराणं शेतीची आणि बांधकामाची यंत्रं डोळ्यांसमोर ठेवून घडलं होतं. सहा सिलिंडर एका ओळीत, धुराच्या झोतावर फिरून हवा कोंबणारा टर्बो, आणि डिझेलचा फवारा थेट पिस्टनवर. हे घराणं आपल्याही ओळखीचं आहे: जमशेदपूरच्या टाटा-कमिन्स कारखान्यातून याच मालिकेची इंजिनं टाटांच्या मालट्रकांवर चढली. पुणेकरांचा कमिन्सशी संबंध तर त्याआधीचा, १९६२ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर कमिन्सपासूनचा.

पहिली अडचण फवाऱ्याची होती. जुना यांत्रिक पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालायचा. फेऱ्या कमी तर दाब कमी, आणि फवारा जाड. भरला ट्रेलर जागचा हलवताना नेमक्या फेऱ्या कमी असतात, म्हणून काळा धूर निघायचा. कॉमन रेलने ही गाठ सोडवली. डिझेल एका नळीत सतत प्रचंड दाबाखाली तयार असतं आणि नोझल कधी, किती उघडायचं ते संगणक ठरवतो. अमेरिकी पिकअपमध्ये ही पद्धत २००१ साली जनरल मोटर्स आणि इसुझू यांच्या ‘ड्युरामॅक्स’ने आणली, २००३ मध्ये कमिन्सनेही ती घेतली. दाब पुढे २००० बारपर्यंत पोचला. मुख्य फवाऱ्याआधी चिमूटभर डिझेल सोडता येऊ लागल्याने ज्वलन हळुवार सुरू होतं, आणि डिझेलची ओळखीची टकटकही बरीच कमी झाली.

जास्त डिझेलला जास्त हवा हवी. लहान टर्बो लवकर फिरतो पण वरच्या फेऱ्यांत गुदमरतो, मोठ्याचं उलट. म्हणून टर्बाइनभोवती हलत्या पात्या आल्या. त्या मिटल्या की झोत अरुंद आणि वेगवान होतो, उघडल्या की वाट मोकळी. फोर्डने २०११ च्या इंजिनात तर रचनाच उलटी केली: धूर बाहेरच्या बाजूंऐवजी ‘व्ही’ आकारात मांडलेल्या सिलिंडरच्या दोन ओळींमधल्या खाचेत सोडला आणि टर्बो तिथेच बसवला. वाट आखूड, त्यामुळे धुराची उष्णता वाया जाण्याआधीच पात्यांवर पोचते.

आता भार आला धातूवर. साध्या बिडात ग्रॅफाइट चपट्या पापुद्र्यांसारखं असतं आणि तडा त्यांच्याच कडेने पसरतो. ‘कॉम्पॅक्टेड ग्रॅफाइट’ बिडात तेच कण आखूड, जाड आणि वळवळत्या अळ्यांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. ताण सोसायची ताकद सुमारे पाऊणपटीने वाढते. फोर्डने २०११ मध्ये आणि कमिन्सने २०१९ मध्ये ब्लॉकसाठी हेच बीड वापरलं. कमिन्सचं ते इंजिन आधीपेक्षा सुमारे २७ किलो हलकं झालं, तरी १३५६ न्यूटन-मीटरपर्यंत गेलं.

गिअरबॉक्सची कथाही तीच. १९९६ साली डॉजमध्ये हाताने गिअर बदलणाऱ्या गाडीला २१५ अश्वशक्ती मिळायची, ऑटोमॅटिकला मात्र १८०च. इंजिन तेच, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला पूर्ण जोर झेपत नव्हता. ड्युरामॅक्सबरोबर ट्रकच्या दुनियेतला अॅलिसन गिअरबॉक्स आला, तेव्हा कुठे ही कोंडी फुटू लागली.

माझ्या मते सर्वांत उपयोगी सुधारणा चढाची नसून उताराची आहे. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची वाट बंद होऊन गाडी आपोआप रोखली जाते. डिझेलमध्ये हवा अडवणारी ती झडप मुळात नसते, त्यामुळे पाय काढूनही गाडी धावतच राहते. मागे दहा टन असतील तर ब्रेक तापून निकामी होणार. टर्बोच्या त्याच पात्या मिटून धूर कोंडला, की पिस्टनला त्याविरुद्ध रेटावं लागतं आणि वेग आवळला जातो. कमिन्सने २००७ च्या ६.७ लिटर इंजिनात हा एक्झॉस्ट ब्रेक टर्बोमध्येच दिला. चढाला ज्या पात्या ओढतात, त्याच उताराला धरून ठेवतात.

शेवटचा भार धुराचा. २००७ च्या नियमांनी काजळी अडवणारी गाळणी आणली, २०१० च्या नियमांनी नायट्रोजन ऑक्साइडवर लगाम घातला. त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेत डीईएफ फवारलं जाऊ लागलं, म्हणजे आपले बीएस-६ गाड्यांचे ड्रायव्हर ज्याला ‘युरिया’ म्हणतात ते. पण हा भार सगळ्यांनी सरळपणे पेलला असं नाही. २०१३ ते २०१९ या मॉडेलांच्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअपच्या इंजिनांत प्रदूषण नियंत्रण चुकवणारी सॉफ्टवेअर असल्याचा आरोप अमेरिकी सरकारने केला. कमिन्सने चूक मान्य केली नाही, पण १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरायचं २०२३ च्या डिसेंबरात कबूल केलं. स्वच्छ हवा कायद्याखालचा तो सर्वांत मोठा दिवाणी दंड होता.

आज इंजिन जवळपास काहीही ओढेल. गाडीच त्याला पुरत नाही. हौद्यात टेकणाऱ्या ट्रेलरचं साधारण १५ ते २५ टक्के वजन थेट पिकअपवर येतं. सात टनांच्या ट्रेलरचं एक पंचमांश धरलं, तरी १४०० किलो झाले. रॅम २५००च्या वर्गातल्या गाडीचं सामानासकट एकूण वजन सुमारे ४५३६ किलोंवर बांधलेलं असतं, आणि त्यातले पाचशेच्या आसपास किलो एकटं डिझेल इंजिनच खातं. म्हणून त्याच गाडीची पेट्रोल आवृत्ती ट्रेलर कमी ओढते, पण पाठीवर जास्त वजन घेते. विकत घेणाऱ्याने टॉर्कचा आकडा खुशाल पाहावा, पण आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा वजनमर्यादेचा स्टिकर वाचावा. बहुतेकांचा ट्रेलर इंजिन अडवत नाही, तो स्टिकर अडवतो.