त्वचेची निगा : लेखांक ११
एका चामखिळीत सुई, लक्ष्य मात्र सगळ्यांवर

चामखीळ जाळणे, गोठवणे, सॅलिसिलिक ॲसिड लावून झिजवणे हे उपाय गेल्या आठवड्यात पाहिले. बऱ्याच जणांचे तेवढ्यावर भागते. पण नखांच्या कडेला, टाचेखाली, बोटांवर चामखिळींचा घोसच असेल तर किती जागी जाळणार? शिवाय काही महिन्यांत त्याच जागी ती पुन्हा डोके वर काढते. अशा हट्टी चामखिळींवर त्वचारोगतज्ज्ञ इंजेक्शन देतात. बहुतेकदा त्यात विषाणू मारणारे औषध नसते, आणि खरी मेख तिथेच आहे.

चामखीळ होते ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे. तो कातडीच्या वरच्या थरातच मुक्काम करतो, रक्तात उतरत नाही. भुरट्या चोराने गस्तीच्या वाटेवर पाऊलच टाकू नये, तसे हे. शरीराच्या संरक्षक पेशींना त्याची चाहूल लागत नाही. म्हणून डॉक्टर चामखिळीतच असे काहीतरी टोचतात, की ते पाहून या पेशी खवळून उठाव्यात: गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस किंवा क्षयाच्या चाचणीतले पीपीडी. त्यांच्या धावपळीत लपलेला विषाणूही ओळखला जातो, असे मानतात. ओळख पटलेल्या पेशी अंगभर फिरतात, त्यामुळे अंगठ्यावर टोचले तरी दुसऱ्या हातावरच्या चामखिळीही सुकू शकतात. जाळण्या-गोठवण्यात हे होत नाही.

यासाठी आपल्याकडे वापरली जाणारी एक लस अस्सल भारतीय आहे. प्राण तलवार यांनी ती मुळात कुष्ठरोगासाठी विकसित केली. तिच्यातल्या जिवाणूच्या नावातच, मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी, देश आणि संशोधक दोघेही आहेत. याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

साधारणपणे सर्वांत मोठी चामखीळ निवडतात. एमएमआर असेल तर इन्सुलिनच्या बारीक सुईने ०.३ ते ०.५ मिलि लस, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, तीन ते पाच वेळा. तळपायाला आणि नखाजवळ चांगलेच दुखते, हे आधीच सांगून ठेवते. जागा सुजते, एखाद-दुसरा दिवस कणकण येते. गुण येऊ लागला की चामखीळ काळपट पडते, आक्रसते आणि एके दिवशी गळून पडते. मागे सहसा व्रण राहत नाही. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही, आणि या लशी चामखिळींसाठी बनवलेल्याही नाहीत. गरोदर स्त्रिया, अवयवरोपण झालेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांनी एमएमआरसारखी जिवंत विषाणूंची लस घेऊ नये.

एक कळकळीची विनंती. घोड्याचा केस बांधणे, चुना-सोडा लावणे बंद करा. त्याने कातडी भाजते, पिकते. टाचेखालची गाठ कुरूप समजून ब्लेडने तासू नका. ती चामखीळ असेल तर तासताना काळे ठिपके दिसतात, रक्त येते आणि विषाणू आजूबाजूला पसरतो. मधुमेह असेल तर पायाला ब्लेड लावूच नका, आधी डॉक्टरांना दाखवा.