मुंबई हायचं तेल कुणी वापरायचं?

अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलंय ना? १०६० साली बांधलेलं, काळ्या दगडाचं. हा दगड म्हणजे बेसाल्ट, कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळून थंड झालेला लाव्हा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही शहरं याच दगडावर वसली आहेत. इथे बोअर मारला तर नशिबाने पाणी लागेल, तेलाची आशा मात्र धरू नका. तेल बनतं समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळात. त्यात गाडले गेलेले बारीक बारीक जीव लाखो वर्षं दाबाखाली, उष्णतेत शिजत राहतात. लाव्हाच्या दगडात असं काही शिजायला गाळच नसतो!

मग आपल्या जवळचं तेल कुठलं? मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, भर अरबी समुद्रातलं. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ नावाच्या यंत्राने तिथे समुद्राचा तळ भेदला आणि खालच्या चुनखडीत तेल सापडलं. हेच ते मुंबई हाय. १९७६ पासून तिथून तेल निघू लागलं. मुहूर्त अगदी वेळेवरचा, कारण १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं होतं आणि जगभर भाव चौपट झाले होते.

आता खरा प्रश्न. समजा, बदलापुरात तुमच्या परसात जांभळाचं झाड आहे. मुंबईच्या बाजारात जांभळाला भाव मस्त आलाय. विकणार की घरच्यांना खायला देणार?

तेलाच्या बाबतीत भारताने उत्तर केव्हाच ठरवून टाकलंय: इथलं कच्चं तेल इथेच राहील. उत्तर सोपंही आहे, कारण आपली भूकच दांडगी. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २ कोटी ९० लाख टन कच्चं तेल निघालं आणि २३ कोटी टनांहून जास्त बाहेरून आणावं लागलं. मुंबईतच तेल शुद्ध करायचे मोठे कारखाने असताना मुंबई हायचं तेल परदेशी पाठवायचं आणि आखातातून दुसरं मागवायचं, हा उद्योग कोण करेल?

पण गंमत पुढे आहे. भारत डिझेल आणि पेट्रोल चक्क निर्यात करतो! आपल्याकडे शुद्धीकरणाचे कारखाने गरजेपेक्षा मोठे आहेत. बाहेरून कच्चं तेल आणायचं, त्याचं डिझेल करायचं आणि विकायचं, त्यातून डॉलर मिळतात. तेच डॉलर पुढचं तेल आणायला उपयोगी पडतात. एरवी याला कुणाची हरकत नसते. २०२२ मध्ये मात्र युक्रेन युद्धामुळे भाव भडकले, परदेशात विकण्यात जास्त नफा दिसू लागला आणि देशातले काही पंप कोरडे पडू लागले. तेव्हा १ जुलैला सरकारने निर्यातीवर कर बसवला: पेट्रोलवर लिटरमागे ६ रुपये, डिझेलवर १३ रुपये. देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावरही कर लागला. हे कर पुढे कमीजास्त होत राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये उठले.

अमेरिकेने तर १९७५ मध्ये कच्च्या तेलाच्या निर्यातीवरच बंदी घातली होती. ती उठली थेट २०१५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी.

मग घरचं तेल घरीच ठेवलं की ते स्वस्त मिळतं? छे! मुंबई हायच्या तेलाचा भावही जगाच्या बाजाराकडे बघूनच ठरतो. तेल आपलं, पण भाव जगाचा. ‘मग सक्तीने स्वस्त करा’ असं कुणी म्हणेल. पण मुंबई हायच्या विहिरी आता म्हाताऱ्या झाल्यात, तेलाबरोबर भरपूर पाणी वर येतं. नवी विहीर खणायला अफाट पैसा लागतो. भाव फार पाडला तर तो पैसा आणायचा कुठून?

मुंबई हायमधून तेलासोबत नैसर्गिक वायूही निघतो. तो समुद्राखालच्या नळांतून उरणला येतो. देशातल्या जुन्या क्षेत्रांतला हा वायू वाटताना घरची शेगडी आणि सीएनजीची वाहनं यांना आधी मान मिळतो, आणि एप्रिल २०२३ पासून त्याच्या भावाला वरची मर्यादाही आहे. एवढ्याने भागत नाही, म्हणून परदेशातून जहाजाने आलेला वायूही त्यात मिसळतात. अंबरनाथ-बदलापूरच्या इमारतींत पाइपने येणारा आणि स्टेशनबाहेरच्या रिक्षांत भरलेला वायू असा मिसळलेला असतो. (त्याला स्वतःचा वास नसतो बरं का! गळती कळावी म्हणून तो उग्र वास मुद्दाम घातलेला असतो.)

माझं विचाराल तर वायूचा हा नियम मला पटतो: आधी घरची चूल, मग कारखाने. निर्यातीचं डिझेल एरवी खुशाल जाऊ द्यावं, पण आपले पंप कोरडे पडू लागले की हात आखडता घ्यावा.

तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल तर आज एक करा. स्वयंपाकाआधी मीटरवरचे आकडे वहीत लिहा. शेगडी पेटली की शेवटचा लाल आकडा हळूहळू सरकताना दिसेल. जेवण झाल्यावर पुन्हा आकडे लिहा, वजाबाकी करा आणि एका जेवणाला किती घनमीटर वायू लागला ते आम्हाला कळवा.