चाळिशीतला गोलकीपर

रविवारी टर्फवर वाद पेटला: नॅशनल टीममध्ये पस्तिशीपुढचे खेळाडू हवेतच कशाला? मी गोलकीपर. इटलीचा गोलकीपर डिनो झॉफ याचं नाव काढल्याशिवाय राहवलं नाही.

१९७८च्या वर्ल्डकपमध्ये लांबून मारलेल्या शॉट्सवर गोल खाल्ले, म्हणून इटलीत लोकांनी त्याला मोडीत काढलं होतं. १९८२ला तोच कॅप्टन, वय ४०!

बार्सिलोना, समोर ब्राझील. इटली ३-२ने पुढे, शेवटची काही मिनिटं. ब्राझीलला बरोबरीही पुरणार होती. ऑस्करचं हेडर खाली आलं आणि झॉफने बॉल गोललाइनवरच दाबून धरला. नुसता ढकलला असता, तर रिबाउंडवर गोल ठरलेला. ब्राझीलवाले गोल मागतायत, पण पठ्ठ्या बॉल सोडेना!

वयाने उडी आखडते, पण कुठे उभं राहायचं ते पक्कं कळतं. त्या मॅचमध्ये इटलीच्या डिफेन्समध्ये १८ वर्षांचा बेर्गोमी होता. अशा पोराच्या मागे असा शांत माणूस असला की अर्धी धाकधूक कमी होते. (झॉफ तसा अबोलच!)

विंगरचं मात्र वेगळं. तिथे वेग गेला की नुसत्या नावावर जागा अडवू नये.

इटलीने तो वर्ल्डकप जिंकला.