विश्लेषण : देश पोलिओमुक्त, तरीही बाळाला ‘दोन थेंब’ कशासाठी?

पोलिओ रविवार आला की अंगणवाडीत, एसटी स्थानकात, रेल्वे फलाटावर बूथ लागतात. थेंब पाजले जातात, करंगळीवर शाईची खूण होते. मात्र भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला होता. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. मग डोस अजून का, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हा आजार पसरतो कसा, यात आहे.

संसर्ग कसा होतो?

विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. दूषित पाणी, अन्न आणि न धुतलेले हात यांतून तो दुसऱ्या मुलापर्यंत पोहोचतो. बहुतेकांना काहीच होत नाही किंवा किरकोळ ताप येऊन जातो. काही मुलांमध्ये मात्र तो मज्जासंस्थेवर हल्ला करतो. स्नायूंना आदेश देणाऱ्या पेशी मरतात आणि पाय लुळा पडतो. श्वसनाचे स्नायू निकामी झाले तर मृत्यूही ओढवतो. यावर औषध नाही. लस हाच उपाय.

एक रुग्णही धोक्याची घंटा का?

साधारण २०० संसर्गांमागे एका मुलाला कायमचा लुळेपणा येतो. याचा अर्थ, एक रुग्ण समोर येईपर्यंत आसपासच्या शेकडो मुलांच्या शरीरात विषाणू पोहोचलेला असू शकतो. देवीच्या रोग्याच्या अंगावर फोड दिसत, त्याला वेगळे ठेवता येई. पोलिओ पसरवणारे मूल अंगणात हसत-खेळत असते.

मग विषाणू शोधतात कसा?

दोन मार्गांनी. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर कारण काहीही वाटत असले तरी त्याच्या विष्ठेचे दोन नमुने तपासले जातात. दुसरा मार्ग सांडपाण्याचा. भारतात अशी सांडपाणी तपासणी २००१ मध्ये मुंबईत सुरू झाली. रुग्ण आढळण्याआधीच विषाणूचा माग यातून लागू शकतो.

लशीतूनच पोलिओ होतो का?

तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लशीत कमकुवत केलेला जिवंत विषाणू असतो. लस घेतलेल्या मुलाच्या विष्ठेतून तोही बाहेर पडतो. वस्तीत बरीच मुले लशीविना असतील, तर तो दीर्घकाळ फिरत राहतो, बदलतो आणि क्वचित पुन्हा घातक बनतो. २०२४ मध्ये गाझात युद्धामुळे लसीकरण कोलमडले आणि लस न मिळालेल्या दहा महिन्यांच्या बाळाला अशाच विषाणूने लुळेपणा आला. तिथला हा २५ वर्षांतील पहिला रुग्ण. २०२२ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कच्या सांडपाण्यातही लशीपासून उद्भवलेला विषाणू सापडला होता. जिथे जवळपास सर्व मुलांचे लसीकरण झालेले असते, तिथे अशा विषाणूला पसरायला वाव मिळत नाही.

धोका कुठून?

नैसर्गिक विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसरा आणि तिसरा जगातून हद्दपार झाल्याचे अनुक्रमे २०१५ आणि २०१९ मध्ये जाहीर झाले. पहिला प्रकार पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात ठाण मांडून आहे. प्रवाशांबरोबर तो कुठेही जाऊ शकतो.

पालकांनी काय करावे?

जन्मतः, नंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात थेंब. सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नववा महिना या वेळी इंजेक्शन. सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान थेंबांचा बूस्टर. हे नियमित वेळापत्रक पूर्ण असले तरी मोहिमेत पाच वर्षांखालील मुलांना थेंब द्यावेतच. जादा डोसने अपाय होत नाही. इंजेक्शन मुलाला लुळेपणापासून वाचवते. थेंब आतड्यातच विषाणूची वाट अडवतात आणि त्यामुळे शेजारचे मूलही सुरक्षित राहते. मोहिमेच्या दिवशी बाळ प्रवासात असेल, तर स्थानकावरील बूथवर डोस मिळतो. तोही चुकला, तर पुढच्या दिवसांत घरी येणाऱ्या आशा सेविकेला तसे जरूर सांगावे.